लांबाक्काचा हात

आमच्या घरात चुलीशेजारच्या भिंतीवर एक परदेशी माणूस राहायचा. अंगात जांभळे घट्ट कपडे, कमरेला रुंद पट्टा, गालावर खळी. एका हाताने त्याने रस्त्यावरच्या दिव्याचा खांब गच्च धरला होता. दुसरा हात मात्र त्याच्या खांद्यापासून जो निघाला होता तो घरांच्या छपरांवरून, पुलाखालून, वळसे घेत घेत पानाच्या उजव्या कडेपर्यंत गेला होता. तिथे पान संपायचं, हात संपायचा नाही. तो पुढे कुठे गेला हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पुढची गोष्ट त्याच कागदाच्या पाठीवर होती, आणि पाठ तांदळाच्या पिठाच्या खळीने भिंतीला चिकटवलेली होती.

मागच्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, जुनी खोली पाडतोय. तुला काय न्यायचं असेल तर येऊन जा." त्याला वाटलं असेल, मी जातं मागेन, नाहीतर तांब्याचा हंडा. मी ताबडतोब सुगंधाला फोन लावला. सुगंधा माझी चुलत बहीण. महाडच्या कोर्टात तिने उभं आयुष्य कारकुनी केली, आता निवृत्त आहे. मी एवढंच म्हटलं, "भिंत पाडतायत गो." मग कोर्टात पुकारा करावा तशा आवाजात ती म्हणाली, "कुणाला हात लावू देऊ नकोस. मी निघाले."

आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, कशेडीची चढण सुरू होते तिथे, रस्त्याच्या अंगावर. बोगदा झाल्यापासून जुन्या रस्त्यावर कावळेसुद्धा निवांत बसतात. पण माझ्या कानात तो रस्ता अजून जुनाच आहे. दिवसभर एस.टी. चढण चढायची आणि आमच्या वळणावर आली की गिअर टाकताना खर्रर्र करून सगळ्या वाडीला सांगायची, मी आले. त्या आवाजावर बाया चुलीवरचं आधण उतरवायच्या आणि दारात येऊन बघायच्या, कोण उतरतंय. कारण आमच्याकडे घरातलं एक तरी माणूस मुंबईला असायचंच. माझे बाबा गिरणीत होते, सुगंधाचे बाबा रेल्वेच्या कारखान्यात आणि माझा मामा गोदीत. माणसं उतरायची तेव्हा त्यांच्या कपड्यांना तेलाचा, लोखंडाचा आणि मुंबईच्या साबणाचा वास असायचा. दोन दिवस तो घरात राहायचा, मग धुरात मिसळून जायचा.

जांभळ्या कपड्यांच्या माणसाला मामाने आणलं. परदेशी बोटींवरचे खलाशी वाचून झालेली चित्रांची पुस्तकं टाकून द्यायचे. मामा ती उचलून आणायचा, पण वाचायला नव्हे. आमच्या भिंती कुडाच्या, वरून माती लिंपलेली. पावसाळ्यात ओल यायची आणि उन्हाळ्यात माती भुरूभुरू गळायची, भाकरीत खच्चकन खडा लागायचा. त्यावर उपाय म्हणजे कागद. मे महिन्यात आय आणि काकी, म्हणजे सुगंधाची आई, मोठ्या टोपात तांदळाच्या पिठाची खळ शिजवायच्या, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायच्या आणि पुस्तकाची पानं सुटी करून भिंतीला लावत जायच्या. त्या गरम खळीचा वास मला अजून कुठेही आला तरी मी थांबते. शिळ्या भाताचा, थोडा आंबूस, थोडा गोड. तो माझ्या लेखी सुट्टीचा वास आहे.

आता यात गंमत अशी की आय आणि काकी दोघींनाही वाचता येत नव्हतं. पान कुठलं आधी, कुठलं नंतर, याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. जिथे भोक दिसेल तिथे पान. त्यातून प्रत्येक कागदाची एक बाजू कायमची भिंतीत गेलेली. म्हणजे आमच्या घरात सगळ्या गोष्टी निम्म्याच होत्या, त्याही उलटसुलट. एक बलदंड माणूस आधी विमान उचलायचा आणि खिडकीच्या पलीकडे त्याचा साखरपुडा व्हायचा. इंग्रजी आम्हाला येत नव्हतं, त्यामुळे फुग्यांतली अक्षरं म्हणजे नुसते मुंगळे. पण कारणं कळली नाहीत म्हणून आमचं काही अडलं नाही.

पावसाळ्यात कागद फुगायचा. जांभळ्या माणसाच्या लांब हाताला जागोजागी गाठी यायच्या, आम्ही बोटाने दाबून त्या बसवायचो. दिवाळीच्या सुमारास तो वाळून पुन्हा ताठ व्हायचा. आय त्याच्या खांद्याशी पाठ टेकून भाकऱ्या थापायची. कधी मान वळवून त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "कुठं चाललाय रे बाबा तुजा हात? काय पायजेल?"

हा प्रश्न सोडवायचं काम सुगंधाने केलं. मी चित्रं काढायची, ती गोष्टी रचायची, अशी आमची वाटणी लहानपणापासूनची. एका दुपारी ती भिंतीसमोर मांडी घालून बसली, खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कळलं. ह्याला हात लांब करता येत नाय."

"मग काय करतो?"

"ह्यानं कुनाला तरी धरलंय. ते मानूस लांब चाललंय. ह्यानं इकडं खांब धरलाय. खांबपन सोडत नाय, मानूसपन सोडत नाय. म्हनून हात लांबतोय. बघ की, खांबावरची बोटं कशी आवळलीत."

मी बघितलं. खरंच आवळलेली होती. त्याच आठवड्यात बाबांची सुट्टी संपून ते परत गेले होते. आय वळणापर्यंत पोचवायला गेली होती, आणि बस दिसेनाशी झाल्यावरही तिचा हात वरच राहिला होता. माझ्या मनात त्या अर्थाबद्दल तेव्हा शंका आली नाही आणि पुढेही कित्येक वर्षं आली नाही. जो सोडत नाही तो लांबतो. आमच्या वाडीत याहून सरळ गोष्ट कुठली असणार?

त्यातूनच लांबाक्का जन्मली. पुरुष नको, बाई हवी, यावर आमचं लगेच एकमत झालं, कारण वाडीत धरून ठेवण्याचं काम बायाच करायच्या. बाकी प्रत्येक गोष्टीवर भांडण. सुगंधाने नियम घातला की लांबाक्काने एका हाताने घराची चौकट धरलेली असली तरच तिचा दुसरा हात लांबेल. चौकट सुटली की हात साध्या माणसाएवढा. मी विचारलं, हात लांबला की बारीक व्हायला नको का? भाकरी जास्त थापली की पातळ होते तसा? ती म्हणाली, बारीक काढलास तर भाजीची जुडीपन उचलणार नाय. मी विचारलं, कोपर किती? ती म्हणाली, ते तुझं काम. मी विचारलं, दुखतं का तिला? "दुखतं," ती म्हणाली, "पन ती सांगत नाय." म्हणजे चेहऱ्यावर काढायचं नाही. मग मी ते दुखणं चौकटीवरच्या बोटांत काढायला लागले. पाटी, वहीची मागची पानं, चुलीतला कोळसा आणि अंगणातली फरशी, दोन वर्षं मी नुसती बोटं काढली.

आणि मग वाडीत समाजमंदिर झालं.

आमच्या भागात प्रत्येक वाडीला दोन मंडळं असतात. एक गावात राहणारं ग्रामस्थ मंडळ, दुसरं मुंबईच्या एखाद्या खोलीत जमणारं मुंबई मंडळ. ठरायचं मुंबईत, घाम गाळायचा गावात, अशी जुनी रीत. समाजमंदिरासाठी सिमेंट मुंबई मंडळाने धाडलं. रेती मात्र वाडीतल्या बायांनी सावित्रीच्या पात्रातून घमेल्यांनी वर आणली. पहिल्याच चौदा एप्रिलच्या जयंतीला तिथे काय करायचं, यासाठी बैठक बसली आणि मुंबई मंडळाचे चिटणीस वसंतकाका खास त्यासाठी आले. वसंतकाका तसे मायाळू, पण मुंबईचा तोरा असा की गावात पाय ठेवल्यावर घड्याळ दिसावं म्हणून बाही वर करायचे. भिंतीवर लावायला मुंबईहून रंगवलेला पडदा आणायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

सुगंधा उठून उभी राहिली. "आमी काढतो भिंतीवर. लांबाक्का."

लांबाक्का कोण, हे तिने सांगितलं. सभेत खसखस पिकली. वसंतकाका हसत म्हणाले, "अगो, असले रबरवाले बुकात मी लय पायलेत. तो जोकर असतो जोकर! मेन हीरो येगळा. त्याला बॉडी असते. एक बुक्की मारली की भिंत आरपार."

"आपल्याला भिंत पाडायची नाय काका," सुगंधा म्हणाली, "भिंतीवर काढायचंय."

आता हसू वसंतकाकांवर फिरलं, आणि त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात बायांच्या बाजूने माझी आय बोलली. ती सभेत कधी बोलत नसे. "रेती आमी वाहिलीय डोक्यावर. भिंत आमचीबी हाय. पोरी काढतील."

वसंतकाकांना नाही म्हणणं जड गेलं. त्यांनी तोडगा काढला. समोरची भिंत पडद्याला, बाजूची, रस्त्याकडची लांबलचक भिंत पोरींना. "पन एक सांगतो. जयंतीला पावने येनार, पंचक्रोशी येनार. आपली चेष्टा झाली तर मला चालनार नाय. लोक हसले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोता चुना मारीन."

मला ती भिंत हवी होती आणि त्या भिंतीपुढे कुणी हसायला नको होतं. त्या वर्षी आयुष्याकडे माझं दुसरं मागणंच नव्हतं. परीक्षेत काय झालं ते मला आजही आठवत नाही.

काय काढायचं ते सुगंधाने ठरवलं. पूर्वी एकदा बाबा आम्हा दोघींना महाडला घेऊन गेले होते. बाजारातून फिरवलं, गोळा दिला आणि मग चवदार तळ्यावर नेलं. पायऱ्या उतरून त्यांनी पाणी हातात घेतलं आणि आमच्या हातांवर ओतलं. "प्या," म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "हे पानी आपल्याला लय लांब व्हतं." मी म्हटलं, महाड तर एवढं जवळ आहे. ते म्हणाले, "जवळ असून लांब व्हतं गो." त्यांनी त्याहून जास्त काही सांगितलं नाही, पण सुगंधाने ते जपून ठेवलेलं होतं. ती म्हणाली, लांबाक्का वाडीत उभी राहील, चौकट धरून. तिचा हात चढण उतरेल, पोलादपुरावरून जाईल, सावित्री ओलांडेल आणि महाडच्या तळ्यात तळहाताचा द्रोण करून पाणी उचलेल. बस्स. फुगे नाहीत, अक्षरं नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळलं पाहिजे.

चैत्रातलं ऊन, करवंदं पिकत आलेली, पांगाऱ्याची फुलं रस्त्यावर पडलेली. आम्ही गेरू भिजवला, निळीची पुडी आणली, चुन्यात डिंक कालवला. मी एका टोकाला लांबाक्का काढली, दुसऱ्या टोकाला तळं, आणि मध्ये अख्ख्या भिंतीभर हात. गुळगुळीत, गोल वळणांचा, भिंतीवरच्या जांभळ्या माणसासारखा. संध्याकाळी मागे सरून बघितलं तर मला स्वतःचाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी भागीरथीआजी शेळ्या घेऊन आली. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई, जिभेला हाड नाही. ती भिंतीसमोर उभी राहिली, कपाळावर हात धरून तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ह्यो अजगर कुनी काढलान गो?"

झालं! पोरं येता-जाता भिंतीसमोर फुस्स फुस्स करायला लागली. मी हात बारीक केला, तर दोरी दिसायला लागली. तीन ठिकाणी कोपरं काढली, तर मोडलेली काठी. मनगटात बांगड्या भरल्या, तर पोरं म्हणाली अजगराने बांगड्या गिळल्या. सुगंधा चिडून म्हणाली, हात आखूड कर आणि सोडून दे. मी म्हटलं, आखूड केला तर तळ्यापर्यंत पोचणार कसा? आम्ही एकमेकींशी बोलेनाशा झालो. त्यात वसंतकाका जयंतीच्या आधीच येऊन पोचले आणि चुन्याची बादली त्यांनी मुकाट समाजमंदिराच्या ओट्यावर आणून ठेवली. त्या बादलीकडे बघून मला रडू कोसळलं.

रडत रडत मी रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. तिथे गवताचा ट्रक भरत होता. आमच्याकडचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, आणि बाया खालून भारे वर देत. वाळलेल्या गवताचा तो उबदार वास सगळ्या चढणीवर पसरलेला. आय टाचा उंचावून भारा वर देत होती. ट्रकवरच्या माणसाचा हात आणि भारा यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं, आणि आय ते अंतर नुसत्या हाताने तोडायला बघत होती. तिच्या चोळीची बाही वर सरकली होती. दंडापासून मनगटापर्यंत तिचं लहानपणीचं गोंदण होतं, हिरव्या ठिपक्यांची रांग आणि मनगटापाशी एक छोटा विंचू. ते मी जन्मापासून पाहत आले होते. पण आज ते वेगळंच दिसलं. हात ताणला की ठिपके एकमेकांपासून दूर जात होते, गोलाचे लांबट होत होते. भारा गेला, हात खाली आला, आणि ठिपके पुन्हा जवळ येऊन बसले.

मी उठले ती पळतच सुटले. सुगंधा विहिरीवर होती. आम्ही बोलत नव्हतो हे विसरून मी ओरडले, "गोंदण!" तिला काहीही सांगावं लागलं नाही. ती घागर तिथेच टाकून माझ्या मागे पळाली.

ट्रकवाल्याकडे फळीला लावायचा थोडा हिरवा रंग होता, तो मागून घेतला. लांबाक्काच्या खांद्याशी ठिपके दाट काढले. चढणीपाशी ते सुटे झाले, पोलादपुरापाशी लांबट, सावित्रीवर तर एकेक ठिपका बोरीच्या पानाएवढा. आणि मनगटाजवळ विंचू काढला, तोही ताणलेला, नांगी पार मागे राहिलेली. हाताला आता कातडी आली होती. हात कुणाचा तरी झाला होता.

जयंतीची सकाळ. निळे झेंडे, नवे पांढरे कपडे, लेझीम, खिरीचा वास. मिरवणूक वाडीत फिरून समाजमंदिराशी आली आणि रस्त्याच्या बाजूला वळली. मी सुगंधाचा हात धरून उभी होते.

सगळ्यांच्या पुढे भागीरथीआजी. तिने भिंत बघितली. जवळ गेली. आणि खदाखदा हसायला लागली.

आजीला हसू आवरेना. तिने लुगड्याचा पदर खांद्यावर मागे टाकला, आपला सुरकुतलेला हात लांब केला आणि भिंतीला लावला, मनगटाशी मनगट. "माजा इंचू गो ह्यो! माजाच! बगा गो, कवडा लांबलाय!" काकी पुढे झाली. तिनेही हात लावला. मग दुसरी, तिसरी, एकेक करून वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या आणि मधल्या वयाच्या बाया भिंतीला हात लावून उभ्या, आपापले ठिपके जुळवत, हसत, हसता हसता डोळे पुसत. पाहुण्यांतल्या बायाही मागे राहिल्या नाहीत. आयने शेवटी हात लावला. ती हसली नाही. ती तळ्यातल्या पाण्याकडे बघत राहिली.

मी वसंतकाकांकडे बघितलं. सगळी पंचक्रोशी हसत होती, आणि त्यांनी शब्द दिला होता. ते बादलीपाशी उभे होते. सुगंधा सरळ त्यांच्यापुढे गेली. "लोक हसले काका."

ते लांबाक्काच्या चौकटीवरच्या बोटांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "दुखतं काय गो तिला? एवडं लांबताना?"

"दुखतं," सुगंधा म्हणाली. "पन ती सांगत नाय."

त्यांनी बाही खाली ओढली, घड्याळ झाकलं गेलं. "ह्या हसन्याला हसनं म्हनत नाय," ते म्हणाले आणि बादली उचलून निघून गेले. त्या चुन्याने त्यांनी स्वतः वाडीच्या पायवाटेच्या कडेचे दगड रंगवले, रस्त्यापासून थेट समाजमंदिरापर्यंत. मुंबईचा पडदा वाऱ्याने एकसारखा सुटत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

दुपारी चढणीवर एस.टी. आली, तिने गिअर टाकला आणि चक्क थांबली. ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिला. एका खिडकीतून एका अनोळखी बाईने हात बाहेर काढला, त्यावरही ठिपके होते. तिने तो आमच्या दिशेने लांब केला आणि हलवला. कंडक्टरने घंटी दिली तरी ती हात आत घेईना. पुढे किती तरी दिवस ट्रकवाले त्या वळणावर हॉर्न द्यायला लागले. मी घरात भाकरी खात असले तरी मला कळायचं, हा लांबाक्कासाठी. तशी दौलत मला पुन्हा मिळाली नाही आणि मिळाली नाही म्हणून कधी दुःखही झालं नाही.

पावसाने लांबाक्का धुतली. गेरू आधी गेला, मग नीळ. हिरवे ठिपके तेवढे टिकले, रंग ट्रकचा होता ना. काही वर्षं भिंतीवर नुसती ठिपक्यांची रांग होती आणि नव्या सुना विचारायच्या, हे काय? पुढे भिंतीला नवा गिलावा झाला.

मी पुढे चित्रकलेची शिक्षिका झाले, मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढू लागले. मग लांबणारे वीर मी पुष्कळ पाहिले, आता पाठपोट, सगळी पानं क्रमाने. आणि मला हसूही आलं, रागही आला. चित्रकारांना हा प्राणी फार आवडतो. त्याला हाडं नाहीत, त्यामुळे त्याला दाराच्या फटीतून घालवता येतं, त्याचं शीड करता येतं, पूल करता येतो, चेंडू करता येतो. पानावरच्या चित्रांच्या चौकटी बलदंडाला कोंडतात, ह्याला नाही. हा एका चौकटीतून निघून तिसरीत डोकावतो. चित्रकाराचं मन जिथे मोकळं हुंदडतं ते हे अंग. पण लिहिणारे? लिहिणारे त्याला बघून आधी हसतात. त्याला विनोद बोलायला लावतात, मुख्य वीराच्या मागे उभा करतात, नाहीतर डोक्याने हुशार पण घरादाराचं भान नसलेला असा करून टाकतात. अंगाबरोबर कपडे कसे ताणतात, हे कुणी शिंप्याला विचारत नाही. आणि दुखतं का, हे तर कुणी त्यालाच विचारत नाही. वसंतकाकांनी विचारलं होतं. मला वाटतं, ताणलेल्या माणसाचं दुखणं ताणलेल्यालाच कळतं, आणि वसंतकाकांचा एक हात आयुष्यभर कशेडीच्या पायथ्याशी होता.

तर आम्ही दोघी जुन्या खोलीत शिरलो. खोली ओळखीच्या वासाची होती, धूर, माती, उंदीर. बहुतेक पानं कधीच गळून गेली होती. पण चुलीशेजारच्या त्या जागेवर आय दर वर्षी त्याच खिळ्याला नवं कॅलेंडर लावत आली होती. मी कॅलेंडर काढलं. खाली तो होता. जांभळ्याचा राखाडी झालेला, गालावरची खळी शाबूत, खांबावरची बोटं तशीच आवळलेली.

सुगंधाने ओल्या फडक्याने भिंत भिजवली. आम्ही थांबलो. माती सैल झाली तशी मी कडेला सुरी घातली, आणि मातीचा पापुद्रा घेऊन पान अख्खं हातात आलं. इतकी वर्षं ते भिंतीत होतं आणि एवढ्या सहज आलं. सुगंधाने चष्मा लावला. मी पान उलटलं, मागची माती हळूच झटकली.

लांब हात पलीकडच्या पानावर एका खिडकीतून आत शिरला होता. खिडकीच्या आत टेबल होतं, टेबलावर केक होता. एक ढेरपोट्या माणूस डुलक्या घेत होता, आणि आमच्या वीराने त्याच्या ताटातला केक पळवला होता. खाली सगळे खो खो हसत होते.

आम्ही दोघी बघत राहिलो. मग सुगंधाच्या तोंडून हसू फुटलं, माझ्याही. आम्ही मातीत बसून, तोंडावर पदर घेऊन, पोट धरून हसलो. "जोकर होता गो!" ती म्हणाली. "वसंतकाका बरोबर होते."

"त्या चित्रापुरते," मी म्हटलं.

"बरं झालं आपल्याला पाठ दिसली नाय." तिने डोळे पुसले. मग एकदम तिचा कोर्टातला आवाज आला. "भावाला सांग, नवीन घरात चुलीकडची भिंत रंगवू नको म्हणावं. मी खळ करते. केकची बाजू भिंतीला."

दारात सावली पडली. आय. आता ऐंशीच्या पुढे गेलीय, काठीशिवाय चालत नाही, पण दारात आली की चौकट धरते, ती सवय गेली नाही. तिच्या दंडावरची कातडी सैल झाली आहे आणि ठिपके एकमेकांत मिसळलेत. आमचं हसणं ऐकून ती आली होती. माझ्या हातातला कागद तिने ओळखला.

"निघाला काय गो तो?" तिने विचारलं. "मंग? कुठं पोचला त्याचा हात?"

मी सुगंधाकडे बघितलं. सुगंधाने पान सुलटं केलं, छातीशी धरलं आणि साक्षीदाराला शोभेल अशा ठाम आवाजात सांगितलं, "तळ्यावर, काकी."

आयने मान हलवली. तिला त्यात नवल वाटलं नाही.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.